कोरड्या खोलीतली हळद

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी सणसवाडीत लोखंडाचं काम करत होतो. आता तिथंच दुसऱ्या कारखान्यात बॅटरीचं करतो. मोबाइलात, स्कूटरीत जी लिथियमची बॅटरी असते, तिच्या दोन टोकांच्या मध्ये एक द्रव असतो आणि तोच पेट घेतो. त्याच्या जागी बसेल असा घन पापुद्रा आम्ही करून बघतोय. नुसत्या प्लास्टिकचा केला तर मऊ पडतो आणि त्यातून लिथियम रखडत जातं. नुसत्या चिनी मातीसारख्या भुकटीचा केला तर तडकतो. म्हणून दोन्ही कालवून, पातळ पसरून वाळवतात. पहिल्यांदा ते मिश्रण ढवळलं तेव्हा मला तुमची चिंचोक्याची खळ आठवली. घोंगडीच्या ताणलेल्या सुतावर कुंच्यानं खळ देताना तुम्ही म्हणायचा, "सूत वाकलं पायजे, मोडलं न्हाई पायजे." आमच्या साहेबांचंही रोजचं म्हणणं तेवढंच असतं, फक्त इंग्रजीत.

या कामाला पाण्याचं भारी वावडं आहे. पावसाळ्यात घरचं मीठ पाझरतं तसं यातलं लिथियमचं मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि माल वाया जातो. म्हणून पापुद्रा एका कोरड्या खोलीत करतात. घामेजलेल्या माणसालाही आत सोडत नाहीत. यंदा खंडेनवमीला मी काचेबाहेर उभा होतो आणि आत मशिनवर काम करणाऱ्या कासुर्डीच्या ताईंनी पदराआडून वाटी काढली. ओली हळद, ओलं कुंकू. रोलरला बोटं लावली आणि नुकत्याच पसरलेल्या पापुद्र्याच्या कडेलाही लावली. ओलाव्याचा भोंगा वाजला. सगळा माल गेला.

ताई बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ताई, हे काय केलंत?"

"खंडेनवमी हाय साहेब. समद्या मशिनींना लावलं, हिलाच कशी उपाशी ठिऊ?" मग माझा चेहरा बघून त्या हळू झाल्या. "माझ्या पोराची गाडी चार्जिंगला लावली आन् पडवीत पेटली. त्यो हातानं वढाया गेला. ह्या पापुद्र्यानं जाळ व्हत न्हाई म्हंता तुमी. मग ह्याला न्हाई लावायची तर कुणाला लावायची?"

पोराचे हात अजून धड मिटत नाहीत. तो घरी बसून आहे आणि घर ताईंच्या पगारावर चालतं, हे मला ठाऊक होतं. आमचे साहेब वयानं लहान, शिकलेले, वाईट नाहीत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांचं कार्ड जमा करून घ्या. उद्यापासून नको." मी हो म्हणालो आणि ताईंकडे निघालो.

चालता चालता लहानपणीचा आपला माग डोळ्यांपुढं आला. खंडेनवमीच आहे, आत्यानं माझ्या हातात कुंकवाची वाटी दिलीय, आणि मी खळ दिलेल्या सुताला बोट लावणार तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरता. आत्या फणकारते, "देवाला बी मागाजवळ येऊ दीना ह्यो." तुम्ही माझा हात तसाच धरून मागाच्या खुंट्यावर नेता आणि तिथं टेकवता. म्हणता, "हितं लाव. हितनं बी पोचतं." मग शेजारी उभे राहून हात जोडता. मला वाटलं होतं मार बसेल.

मी परत साहेबांकडे गेलो. म्हणालो, "पाणी आत न्यायचं नाही हे मी त्यांना सांगितलं होतं. पण आज पूजा कुठं करायची हे कुणीच सांगितलं नाही. सण आहे, माणूस करणारच." साहेबांनी वाया गेलेल्या मालाची वहीत नोंद केली. "मग जागा दाखवा त्यांना," एवढंच बोलले. बाहेरच्या दारापाशी, हात धुवायच्या जागेजवळ मी एक पाट मांडला. ताईंनी तिथं नारळ फोडला. पुढं होऊन साहेबांनीच खोबरं मागून घेतलं तेव्हा ताई म्हणाल्या, "घ्या की. हे वलं हाय, तवा तुमच्या मशिनीला दावू नका." पहिल्यांदा साहेब हसले.

ताई कामावर आहेत. एवढं तुम्हाला सांगावंसं वाटलं. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून पुढचंही लिहितो. सुट्टी झाल्यावर फाटकापाशी ताईंनी मला विचारलं, "साहेब, ही बॅटरी माझ्या पोराच्या गाडीत कवा बसंल?" पुन्हा पुन्हा चार्ज केलं की आमचा पापुद्रा अजून कडेनं सुटतो. का सुटतो ते साहेबांनाही नीट उमगलेलं नाही. हे सगळं माहीत असून, आबा, मी त्यांना "लवकर" म्हणालो. त्या आनंदानं गेल्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही.