कोत्स्कावित्सा सापडली त्याची हकीकत

झाग्रेब, सोमवार

ल्येर्काताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? रात्री कोबीची पानं बांधता ना? माझे गुडघे ठणठणीत आहेत. भोवला तो क्रेशिमिर मास्तरांचा गुडघा, आणि तेच सांगायला बसले आहे.

तुला ठाऊकच आहे, दर रविवारी आम्ही पेन्शनर मंडळी मास्तरांच्या मागे मॅक्सिमिर बागेच्या झाडीत हिंडतो. इथल्याच मातीचं रोप जो आधी ओळखेल, त्याचं नाव मास्तरांच्या वहीत चढतं. चार वर्षं झाली, माझं काही चढेना. मी ओरडावं, "ही बघा!" आणि मास्तरांनी चष्मा वर करून म्हणावं, "श्टेफित्साबाई, ही अमेरिकेची पाहुणी. चला पुढे." (एकदा रानलसूण खरंच मला आधी दिसली, पण तोंडात खसखशीचा रोल होता.) मागच्या खेपेला तर म्हणाले, या वसंतातही नाव नाही चढलं तर तुम्ही आपला चहाचा थर्मासच सांभाळा. फार लागलं गं मला ते. शाळेतही मी सगळ्यांचे कोटच सांभाळत बसायचे.

तर काल तिसऱ्या तळ्यापाशी, ओकच्या बुंध्याशी, फुललेली कोत्स्कावित्सा! मान खाली घातलेली, जांभळ्या पाकळ्यांवर बुद्धिबळाचा पट. मी नुसतं बोट दाखवलं. मास्तरांनी टोपीच काढली. "तीस वर्षांत इथे कुणाला दिसली नव्हती हो ही, बाई!" म्हणाले आणि फोटोसाठी खाली बसले. एक गुडघा चिखलात टेकला, दुसरा फुलावर. पार चेंदामेंदा. बिचारे इतके ओशाळले की मला रागावताही येईना. पण फोटोशिवाय वहीत नाव नाही, हा नियम. "एक आहे तिथे दुसरी असणारच. येत्या रविवारी शोधू," म्हणाले.

बाकी सगळं क्षेम.

तुझी धाकटी,
श्टेफित्सा

ता. क. गेल्या वसंतात तुझ्या परसातून कोत्स्कावित्साचा कंद चोरीला गेला, तेव्हापासून तू शेजारच्या यागित्साशी बोलत नाहीस. आता बोलायला लाग. त्या बाईने काही केलेलं नाही.

आणखी ता. क. मला अजून एक लागेल, कळीसकट. शनिवारी दुपारी येते. पण तू हाताने देऊ नकोस हं. मागून आणलेलं रोप जीव धरत नाही, चोरलेलंच धरतं, हे आईने आपल्या दोघींनाही सांगितलंय. तेव्हा दाजींना घेऊन यागित्साकडे कॉफीला जा आणि परसाच्या फाटकाला कडी लावू नकोस. तिच्या खिडकीतून वाकून बघूही नकोस.