अंगठीपुरती ख्रिस्ती

दि. ६ मार्च

प्रिय ठमे,

स. न. वि. वि.

शाळेतली ती दुपार आठवते का तुला? काही विशेष घडलं नव्हतं त्या दुपारी, म्हणूनच विचारते. गणिताच्या परीक्षेआधी तू चॅपलमध्ये पळालीस आणि मी बाहेर पायरीवर दोघींची दप्तरं मांडीवर घेऊन बसले. शिवण शिकवणाऱ्या सिस्टर पलीकडे दोरीवर फडकी वाळत घालत होत्या. तू बाहेर आलीस ती गुडघे झाडत. म्हणालीस, गणितं सोपी येऊ देत असं सांगून आलेय, तुझ्यासाठीही एक शब्द टाकलाय. मला फार बरं वाटलं होतं, आपला वशिला लागला म्हणून. गणितं अवघडच आली, ती गोष्ट वेगळी. तेव्हा तू नुसती मैत्रीण होतीस. पुढे माझी नणंद होऊन छळणार आहेस हे ठाऊक असतं, तर दप्तर तिथेच टाकून पळाले असते.

आज हे आठवलं ते तुझ्या पत्रामुळे. तुझ्या लेकीला, माझ्या भाचीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे वाचून ऊर भरून आला. बाळाचं नाक आपल्या घरचं आहे म्हणतेस, म्हणजे पुढे चष्मा ठरायची काळजी नाही. आणि मामीनेच धर्ममाता व्हायचं, असा भाचीचा हट्ट. ठमे, इथेच माझं घोडं अडलंय.

धर्ममातेला बाप्तिस्म्याच्या वेळी विचारतात, श्रद्धा ठेवतेस का. मोठ्याने होय म्हणावं लागतं. ते होय मी एकदा म्हटलंय, लग्नाआधी माझ्या स्वतःच्या बाप्तिस्म्याला, तुझ्या दादासाठी. आमच्या घरी देव नव्हता हे तू जाणतेसच. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि जे उघडून दाखवता येत नाही ते मानू नये म्हणायचे. मी कोणासाठी चर्चमध्ये येतेय, हे मी जुन्या फादरांना सरळ सांगितलं होतं. ते हसले. म्हणाले, भाकरीसाठी मागे आलेल्यांनाही प्रभूने आधी बसवून जेवू घातलं, तू ये तर खरी. त्या हसण्याच्या आधारावर मी पस्तीस वर्षं काढली. तुझ्या दादाबरोबर रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेले, चष्म्याचं दुकान बंद केल्यावर त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसले.

गेल्या वर्षी तो गेला. आता बाकावर मी एकटीच असते, आणि तिथे काय करते हे मला सांगता येत नाही. देवाला भेटायला जाते, की तुझ्या दादाला? माझं मलाच कळत नाही. पण त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलायचं नाही, एवढं नक्की. बाप्तिस्मा पुढल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे ना? तोवर मला विचार करू दे. नाहीच जमलं तर दुसरी कोणी बघा, पण रुसू नका.

बाळाच्या दोन्ही तळपायांना माझे पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुतळी


दि. १३ मार्च

प्रिय सुतळीवहिनी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचताना आधी हसले, मग रडले, तेवढ्यात दूध उतू गेलं. त्याचं पाप तुझ्या माथी.

अगं, तू ख्रिस्ती नसशील तर आमच्या चर्चमधली निम्मी बाकं रिकामी करावी लागतील. तुझे नणंदोई प्रवचन सुरू झालं की घोरायला लागतात, ते थेट दानाची पिशवी आली की जागे होतात. त्यांची श्रद्धा आजवर कोणी तपासली नाही. तुझीच का तपासायची?

खरं सांगू? हे तुझे शब्दच नव्हेत, ते पेटीवाल्या बाईंचे आहेत. तुझ्या लग्नात पेटी वाजवून झाल्यावर, सगळ्यांच्या देखत, त्या तुला ‘अंगठीपुरती ख्रिस्ती’ म्हणाल्या होत्या. मी शेजारीच उभी होते. तुझा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, ही आता बुके टाकून निघून जाते. तू काही विसरणारी नाहीस. मावसबहिणीने तुझी छत्री परत केली नाही, म्हणून तू तिच्या मुलाच्या लग्नालाही गेली नाहीस. आणि आता त्याच बाई तुमच्या दुकानाच्या वर अंथरुणाला खिळल्यात, आणि तू दर शनिवारी जाऊन त्यांचे केस धुतेस! दादाने चर्चच्या सेवेकऱ्यांत तुझं नाव घातलं, हे मला माहीत आहे. पण दादा गेल्यावरही? मला तर वाटतं, तू मुद्दाम त्यांच्या डोळ्यांत साबण घालत असशील. तसं असेल तर चालू ठेव.

तुझी भाची म्हणते, मामी नाही तर कोणीच नाही. हट्टीपणात कोणावर गेलीय ते विचारू नकोस. लवकर होकार कळव आणि आमच्यावर मर्जी राहू दे.

तुझी नणंद (नाइलाजाने),
ठमी


दि. २७ मार्च

प्रिय ठमे,

स. न. वि. वि.

साबण घालत नाही. घालावासा वाटतो.

होकार कळवायला लिहीत नाहीये, तेव्हा आधी बसून घे. दुकानात आम्ही डोळे कसे तपासतो, ते तू पाहिलंयस. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम ठेवायची, तिच्यात एकेक काच घालायची, काढायची, आणि विचारायचं, हे स्पष्ट की ते? काही माणसं फार भिडस्त असतात. आपल्याला बरं वाटावं म्हणून दर वेळी ‘आता छान दिसतंय’ म्हणतात. त्यांच्यासाठी तुझ्या दादाने मला एक युक्ती शिकवली होती. मध्येच नंबर नसलेली साधी काच घालायची. तरीही छान दिसतंय म्हणाला, तर समजायचं की याच्या होयवर विसंबता येत नाही.

मागच्या पंधरवड्यात काचांचा डबा पुसताना मनात आलं, मीही अशीच भिडस्त. म्हणून ठरवलं, एकेक काढून बघायचं. रविवारचा मिस्सा बंद. संध्याकाळची प्रार्थना बंद. शनिवारचे केससुद्धा बंद. बाईंसाठी पगारी आया लावून दिली. काय चुकल्याचुकल्यासारखं वाटतं ते बघू म्हटलं.

काय वाटलं ते जसंच्या तसं सांगते. पहिल्या रविवारी मी पडदे धुतले. गाणं ऐकू येत नाही याचं वाईट वाटलं. तुझा दादा तिसऱ्या बाकावर घसा खाकरायचा, ते आठवून रडू आलं. संध्याकाळी हात रिकामे वाटले, मग रेडिओ लावला. देव आठवला असं मात्र म्हणवत नाही. दुसऱ्या रविवारीही तेच.

म्हणजे निकाल लागला, ठमे. तुम्ही सगळ्यांनी मला इतक्या प्रेमाने आत घेतलंत की मी कधी उंबऱ्याकडे पाहिलंच नाही. त्या प्रेमाची मी जन्माची ऋणी आहे, हे होय खरं आहे. पण वेदीपुढे विचारतात ते हे नाही. भाचीला तूच समजावून सांग. माझ्याच्याने होणार नाही.

तुझी,
सुतळी


दि. २ एप्रिल

प्रिय सुतळी,

सलाम.

लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. पत्र वाचून तुझा राग आला होता, म्हणून दोन दिवस लिहिलं नाही. मग राग कुठला आहे ते लक्षात आलं.

मला कधी कोणी विचारलंच नाही गं. मी पाळण्यात होते, माझ्या वतीने माझी धर्ममाता होय म्हणाली. पुढे शाळेत सिस्टर म्हणाल्या म्हणून मी होय म्हणाले, बाकीच्याही म्हणत होत्या. तू मोठी होऊन, आपल्या पायांनी चालत आलीस, आणि तुला लोकांनी नावं ठेवली. मी काही न करता आत होते, मला कोणी हटकलं नाही. तुझं पत्र आल्यापासून भाजी चिरताना स्वतःला विचारते, तुझं काय, ठमाबाई? आणि सुरी थांबते. हे तुझ्याशिवाय कोणाला लिहिलं नसतं.

तू नाही म्हणालीस तरी मी रुसणार नाही. लेक रुसेल, तिला मी बघून घेईन. फादरांना नाव द्यायचं आहे, तेव्हा पंधरवड्यात काय ते कळव. आणि जेवतेस ना नीट? आम्हाला अंतर देऊ नकोस.

तुझी,
ठमी


दि. १४ एप्रिल

प्रिय ठमे,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

तुझी सुरी थांबते हे वाचून मला केवढा धीर आला म्हणून सांगू! थांबू दे. भाजी काय, होईल उशिरा.

गेल्या शनिवारी आया दुकानात आली आणि बाईंच्या खोलीची किल्ली काउंटरवर आपटून गेली. दुसरीकडे झाडू मारीन, म्हणे, पण त्या जिभेखाली राहणार नाही. मला कोणी वर जा म्हटलं नव्हतं. तुझा दादा नाही, फादरांनी निरोप धाडलेला नाही. मी मधल्या सुट्टीचं शटर ओढलं, जेवायला म्हणून निघाले, आणि जिना चढले.

बाईंना चाहूल लागली. म्हणाल्या, “चर्च सोडलंस ना तू? मग इथे कशाला तडमडलीस?”

मी पाणी तापवलं. त्यांचं डोकं मागे घेऊन तळहातावर धरलं. ते किती हलकं झालंय आता. पाणी गरम आहे, आता गार आहे, तुझी नखं लागतात, हे चालूच होतं. आणि तेव्हा, ठमे, मी माझा राग शोधायला लागले. पडलेल्या दाताची जागा जीभ चाचपते ना, तशी. लग्नातली ती ओळ मनात म्हणून पाहिली, सगळ्यांच्या देखतचे ते चेहरे आठवून पाहिले. तिथे काहीच दुखेना.

मी माफ केलं म्हणशील, तर नाही. मी त्यांना माफ करायचं कधी मनावरच घेतलं नव्हतं. जिना चढण्याआधी दर शनिवारी एवढंच म्हणायचे, मला यांच्यावर ओरडू देऊ नकोस. ती काही प्रार्थना आहे असं मी धरलंच नव्हतं. बाकाशिवाय, पुस्तकाशिवाय, तुझ्या दादाशिवाय म्हणायचे ना! आणि त्या दिवशीही, सगळं बंद केलेलं असताना, पहिल्या पायरीवर तेच म्हणून गेले होते. कोणाला म्हणत होते मी? आणि राग नेला कोणी? हे माझ्या हातचं काम नव्हे. माझ्या हातचं काम मला ओळखता येतं, ते मावसबहिणीकडच्या छत्रीसारखं, धरून ठेवणारं असतं. मला काय वाटतं, तेवढंच मी तपासत बसले होते. माझं काय झालंय, ते पाहिलंच नव्हतं.

डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि मी आभार मानले. कोणाचे, ते मला पक्कं ठाऊक होतं.

मग बाईंना विचारलं, लग्नात मला काय म्हणाला होतात आठवतं का. म्हणाल्या, “आठवतं. तेव्हा खोटं होतं का?” मी म्हटलं, नाही. “मग आता टॉवेल दे,” म्हणाल्या, “मान गारठली.”

काल मिस्साला गेले. तुझ्या दादाच्या जागेवरच बसले, तिथून वेदी जरा बरी दिसते. सगळं उमगलं असं समजू नकोस. बाबा असते आणि उघडून दाखव म्हणाले असते, तर मला दाखवता आलं नसतं. मावसबहिणीलाही अजून फोन केलेला नाही. पण मला विचारतील तेव्हा मी होय म्हणेन, आणि या वेळी माझं माझं म्हणेन. फादरांना माझं नाव दे.

मी आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचते. सामानाचं पार्सल आधी पाठवलं आहे, ते उघडून बसू नकोस, नुसतं वाटून टाक. तपकिरी डबीतला चष्मा भावजींना. नंबर नवा आहे, निदान कोण प्रवचन देतंय ते दिसेल. मऊ सुती शाल भाचीला, तिला म्हणजे तिलाच. सगळे बाळाला देतात आणि बाळंतिणीला विसरतात. लोकरीचे मोजे बाळाला, पेटीवाल्या बाईंकडून. त्यांना आता नीट दिसत नाही, त्यांनी ते चाचपत चाचपत विणले आहेत, एक मोजा दुसऱ्याहून मोठा झालाय. उसवून सारखे करू नका, त्यांनी बजावलंय, पोरीचे पाय वाढतील तेव्हा बघा.

तळाशी रुमालात बांधलेली जपमाळ आहे, ती तुला. आधी तुझ्या आईची होती, मग दादाची, आणि तो गेल्यापासून मी त्याची म्हणून धरत होते. आता ती तुझ्या घरची तुझ्याकडे येऊ दे. माझ्यासाठी मी दुसरी आणली आहे.

भेटीअंती सविस्तर बोलूच. तोवर सगळ्यांनी आठवण ठेवा.

तुझीच,
सुतळी