बाबांचा ट्रॅक

३ फेब्रुवारी
काल संध्याकाळी साडेपाचला सगळं बदललं. बाबांनी धोटा हातात घेतला.

संप झाल्यापासून तो देवाच्या फळीवर पडून. मागावर सूत इकडून तिकडे नेणारं गुळगुळीत लाकूड, टोकांना लोखंड. गिरणीतून आणलेली तेवढी एकच वस्तू. लालबागला मंडळाच्या खोलीत आम्ही तिघं अल्बमच्या शेवटच्या गाण्यावर अडकलेलो. निखिल गातो, गिटार त्याचंच. माधवी बेसवर. ड्रम मी. ठेका चौथ्यांदा फसला. बाबा चहाची किटली घेऊन दारात. म्हणाले, "झिला, साचो असो नाय चलत."

गेले, धोटा घेऊन आले, बाकड्यावर सुरू. खट-ठक, खट-ठक. चार साचे, म्हणजे माग, एकदम, त्यातला एक किंचित मागे. अंगावर काटा. निखिलने गपचूप रेकॉर्डिंगचं मशीन चालू केलं. साडेचार मिनिटं. तीन वर्षांत बाबा एवढं बोललेले नाहीत.

४ फेब्रुवारी
नि.चं मशीन (मामाने मस्कतहून आणलं) एका कॅसेटवर चारच ट्रॅक घेतं. आवाज, गिटार, बेस. चौथा बाबांचा. माझे ड्रम मीच काढले. वाईट वाटलं नाही.

अल्बमचं नाव : चौथी पाळी. गिरणीत तीनच असतात. चौथी आमची, काम नसलेल्यांची.

नि. कशावरही काहीही टेप करतो. म्हणून कॅसेटच्या पाठीवरची खुंटी मोडून टाकली. ती मोडली की वर दुसरं भरता येत नाही. कॅसेट मा.च्या हातात दिली. "सांभाळ. एकच आहे."
"जिवापाड. बस, नाटक्या?"
बेसच्या तारेने बोट कापलंय तिचं, पट्टी लावलेली. त्याच बोटाने माझ्या मनगटावर टिचकी. अँटॉप हिलला तिच्या क्वार्टर्सपर्यंत चालत सोडलं. सांगणार होतो. वडाळ्यापर्यंत वाक्य तयार होतं.

११ फेब्रुवारी
आई : "कॉलेज सोडलंस तां ह्येच्यासाठी?"
बाबा : "गप रव गो. माझां नाव छापतत."
नि.च्या काकांच्या छापखान्यात कव्हर छपाईला लागलं. धोटा : वसंत परब. बाबा प्रूफ घेऊन नाक्यावर. त्यांच्या खात्यातले सावंतकाका म्हणे, "वश्या, मस्टर सोडून तुझां नाव मी खंयच बघूक नाय!" प्रूफ आता फळीवर, धोट्याखाली.

२० फेब्रुवारी
दादरच्या कॅसेट कंपनीवाल्याला ऐकवलं. "गाणी ठीक. शेवटच्यात सुतार कशाला बसवलाय?" म्हणाला, ह्यावर नाचता येत नाही. कॉलर धरली त्याची. नि.ने ओढून बाहेर काढलं. फुटपाथवर मा. एवढंच बोलली, "सत्या, तुझ्या डोक्यापायी सगळं जाईल एक दिवस."
बरोबर असेल. पण सुतार म्हणतो म्हणजे काय?

६ मार्च
गिरगावात नि.च्या खोलीवर गेलो, न सांगता. दोघं होते. मशीनवर ती कॅसेट. मोडलेल्या खुंटीच्या भोकावर काहीतरी चिकटवलेलं. भोक झाकलं की परत भरता येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी बघितलं कशाने झाकलंय. औषधाची पट्टी. मधोमध सुकलेला तपकिरी ठिपका.

लावून ऐकली. चौथ्या ट्रॅकवर रिदम मशीन. टिक टिक टिक टिक. बाबा नाहीत.

"कंपनी नाहीतर घेत नव्हती," नि.
मी तिला विचारलं. तिने खाली नाही बघितलं, तेच लागलं जास्त. "तू ऐकलं असतंस? तिघांचं स्वप्न आहे, तुझ्या एकट्याचं नाही. आणि कव्हरवरचं नाव आम्ही तसंच ठेवलंय बाबांचं."
तसंच ठेवलंय. मेहेरबानी.
बोलताना नि.चा हात तिच्या पाठीवर. नवा नव्हता तो हात. सरावाचा होता.
स्टिक फेकली, आरसा फुटला. ह्याच्यावरून काढलेला मास्टर कालच कंपनीत गेलाय म्हणाले.

१९ मार्च
घरी बोललो नाही. रोज ठरवतो. बाबा रोज विचारतात, "कॅसेट इली?"
तिच्यासाठी लिहिलेली दोन गाणी त्याच कॅसेटवर आहेत. नि.च्या आवाजात. आता ती

२ एप्रिल
पार्सल आलं. दहा कॅसेट. चिठ्ठी नाही. कव्हरवर बाबांचं नाव माझ्या नावाच्या वर.

५ एप्रिल
दुपारी आमच्या घरच्या खोलीत गर्दी. सावंतकाका, विणकामाच्या साळखात्यातले आणखी दोघे. मंडळाचा टेपरेकॉर्डर. बाबांनी दाढी केलेली, धोट्याला तेल लावून पुढ्यात ठेवलेला. आईने सुद्धा भांडी घासायची थांबवली.

सावंतकाका : "ह्यो संप कोणी मागे घेवक नाय, पण वश्याचे साचे सुरू झाले."
सगळे हसले. बाबा सगळ्यात जास्त.

मी म्हटलं, "बाबा, एक सांगायचंय—"
"आधी लाव. मगे सांग."

लावलं. गिटार. मग बेस, तिचा. ठेका कुठे येतो ते बाबांना पाठ. त्यांनी बोट वर केलं, सगळ्यांना गप्प केलं, धोट्यावर हात ठेवला, डोळे मिटले.

उठलो. चपला घातल्या नाहीत. गॅलरीत आलो आणि दार ओढून घेतलं.