मधल्या मशिनाची नक्कल

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. (गुडघा वाकू देत नाही असं फोनवर म्हणालात, तेव्हा सध्या दोघींच्या वाटचं वाकणं माझ्याकडे.) शेक घेताय ना? आईंची झोप कशी आहे? नव्या चष्म्याने वर्तमानपत्र वाचता येतं की अजून त्या चष्म्यालाच नावं ठेवतायत? मी बरी आहे. भूक लागते, झोपही बहुतेक लागते, आणि रडू आलं की हातातलं काम बाजूला ठेवून रडते, मग परत कामाला लागते. त्यात काही बिघाड नाही.

तुम्ही माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीत, पडदे शिवलेत, यांची मशिनं उचलून नेणारा माणूससुद्धा शोधून ठेवलात. इतकं कोण कोणासाठी करतं? महिनाअखेरीला घर बंद करून मी कायमची तुमच्याकडे यायचं, हे आपलं ठरलेलंच होतं. म्हणून पुढचं जरा टेकून बसून वाचा.

झालं असं, की हे ज्या कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचे तिथल्या मोठ्या बाई भेटायला आल्या. मला वाटलं समाचाराला आल्या. तशा त्या आल्याच होत्या, पण चहा झाल्यावर त्यांची नजर आतल्या खोलीकडे वळली. विद्यार्थ्यांचा सराव सगळा यांच्या त्या खोलीतल्या लॅबवर चालायचा, क्लासमध्ये बसून मुलं इथली मशिनं चालवायची, आणि हे गेल्यापासून सहा-सात महिने सगळं बंद. बाईंना लॅब परत हवी होती आणि ती सांभाळणारं माणूस हवं होतं, पगारावर. "तुमच्या ओळखीत कोणी आहे का?" म्हणाल्या. मी "आहे" म्हटलं. "कोण?" "मी." हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मलाही सांगता येणार नाही. बाईंनी कप खाली ठेवला आणि अट घातली, की येत्या गुरुवारी त्यांचे शिकवणारे सर येऊन बघतील. सकाळी तासभर लॅब न अडखळता चालली, तर जागा तुमची. नाहीतर मशिनं विकायला तुम्ही मोकळ्या.

तुम्ही म्हणाल, हिला काय कळतं त्यातलं. तसं मी शाळा अर्धी सोडलेली, पण कागद दिसला की वाचायचा ही खोड जुनी. हे बाजूला बसून काम करायचे तेव्हा मी त्यांची जाड पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची. (हे म्हणायचे, अगं, ती गोष्टीची नव्हेत. मी म्हणायची, शेवट कळेपर्यंत काय सांगता येतं.) तर तुम्हालाही सांगते, सोपं आहे. खोलीत जे खरं, हाताला लागणारं मशीन आहे ते थोरलं. त्याच्या पोटात मधली मशिनं, जी दिसत नाहीत पण खरी असल्यासारखी वागतात. आणि मधल्यांच्या पोटात धाकटी, त्यांच्यावर मुलं सराव करतात. या धाकट्यांचं सगळं सामान एका वेगळ्या पेटीत असतं, फळीवरची ती काळी पेटी, हार्डडिस्कांनी भरलेली. हे तिला कोठी म्हणायचे. मधलं मशीन केबलीच्या वाटेने कोठीशी जोडलेलं राहतं, आणि जोडणी तुटली की धाकटी जागच्या जागी थिजतात. धडा असा असतो, की दोन मधली एकाच कोठीशी जोडायची, आणि त्यातलं एक बंद पडलं तरी त्याच्या पोटातली धाकटी दुसऱ्याने सांभाळायची, कुणाला पत्ता न लागता. यांचा हा आवडता धडा होता.

मी सुरुवात केली ती साफसफाईपासून, म्हणजे चुकीपासून. सगळ्या केबली काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, वाळवल्या आणि परत लावल्या. कोठीला मागे दोन भोकं आहेत, एक घरच्या नेटचं, एक लॅबचं. दोन्ही दिसायला सारखी, आणि मी नेमकी उलटी लावली. थोरलं मशीन कोठीला हाका मारतंय आणि कोठी भलत्याच दाराशी कान लावून बसलीय. सरांना फोन केला. बिचाऱ्यांनी न हसता ऐकलं आणि म्हणाले, "काकू, तुम्ही ओल्या फडक्याचं मला सांगितलंत ते ठीक, बाईंना सांगू नका."

भोकं बदलली, थोरल्याला कोठी दिसू लागली. पण मधल्याला दिसेना. मी शहाणपणाने ताडलं, की मधल्याला स्वतःची केबल हवी. पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

"किती लांब देऊ?" दुकानदार.

"आतल्या मशिनापासून कोठीपर्यंत."

"आतलं म्हणजे आतल्या खोलीतलं?"

"नाही हो, मशिनाच्या आतलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "आजी, मशिनाच्या आतल्या मशिनाला केबलही आतलीच लागते. ती मी विकत नाही."

मला त्या "आजी"चा राग आला, बाकी त्याचं म्हणणं बरोबर होतं. थोरल्याच्या पोटात एक स्विचसुद्धा असतो (दिव्याचा नव्हे, मशिनं एकमेकांना जोडणारा), तोही न दिसणारा, आणि तो सोसायटीच्या वॉचमनसारखा वागतो. ज्याची नोंद नाही त्याचं पार्सल फाटकातूनच परत. मधल्याने कोठीला काही पाठवलं की हा म्हणायचा, हे कोण, मी ओळखत नाही. पुस्तकात ते पान सापडलं, शब्दकोशाने घाम काढला, पण त्या वॉचमनला "येऊ दे सगळ्यांना" असं सांगायची खूण सापडली. ती केली आणि पडद्यावर कोठी उमटली. वन्सं, मी टाळ्या वाजवल्या. एकटीने टाळ्या वाजवल्या की घर फार मोठं वाटतं, म्हणून लगेच थांबले.

आता उरलं दुसरं मधलं. यांच्याकडे पूर्वी दोन होती, पण एक त्यांनी मोडून नव्याने बांधायला घेतलं होतं आणि ते अर्धंच राहिलं. नवीन बांधणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मग मी चांगल्या मधल्याची नक्कल केली. हे फार सोपं निघालं, दोन बटणं, आणि यांनी हाताने बांधलेलं मशीन जसंच्या तसं दुसरं उभं. त्याला नवं नाव दिलं, नवा पत्ता दिला (पुस्तकात दिलं होतं ते सगळं केलं) आणि कोठीशी जोडलं. पहिल्या फटक्यात जोडलं गेलं! मी खुशीत बाजूच्या पडद्याकडे बघते तर पहिल्याची जोडणी गेलेली. ती परत आली. बघते तर दुसऱ्याची गेली. दुसऱ्याची आली, पहिल्याची गेली. एक घरात शिरलं की दुसऱ्याने बाहेर पडायचं, असा नुसता खेळ चाललेला.

मी संशय कोणाकोणावर घेतला म्हणून सांगू. आधी विजेवर. मग शेजाऱ्यांकडे भिंतीला भोकं पाडत होते, त्यांच्या यंत्रावर. (मी जाऊन सांगून आले की तुमच्यामुळे माझी कोठी तुटतेय. ते भिंत तपासायला आले.) मग पंखा बंद करून पाहिला, कोठी फळीवरून उतरवून खुर्चीवर ठेवली, तिच्याशी गोड बोलले, मग जरा कडक बोलले. मग मात्र खचून बसले. वाटलं, कशाला हा हट्ट? खोली रंगवलेली आहे, पडदे लागलेत, जावं. मशिनं बंद करायला हात पुढे केला, पण केली नाहीत. त्यांच्या पंख्यांचा जो बारीक आवाज असतो ना, तो या घरात इतक्या महिन्यांत नव्हता. बाहेरच्या खोलीतून ऐकला तर आत कोणी बसलंय असं वाटतं. तसं नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. आवाज तरीही आवडतो.

गुरुवारी सर आले. मी दारातच सांगून टाकलं, की चालत नाहीये, चहा मात्र होईल. त्यांनी चहा घेतला आणि कोठीने केलेल्या नोंदी वाचत बसले. मग विचारलं, "काकू, नक्कल केल्यावर नाव बदललंत ना?"

"बदललं की."

"पाटीवरचं नाही. कोठीच्या दारात सांगायचं, ते."

ते मला माहीतच नव्हतं. कोठीशी जोडून घेताना मशीन आपली एक ओळख सांगतं, ती पाटीवर नसते, आत खोल लिहिलेली असते, आणि नक्कल करताना तीही तशीच्या तशी उतरते. कोठीला काय दिसत होतं? जो आत आहे तोच परत दारात उभा. म्हणजे आतली जोडणी जुनी, मेलेली, टाका तोडून. मग तुटलेला परत यायचा, की तोच खेळ. कोठीचं काही चुकत नव्हतं.

सरांनी ती ओळख पडद्यावर काढून दाखवली. त्यात यांचं नाव होतं, वन्सं. यांनी स्वतःच्या हाताने टाइप केलेलं. "दोन्हींतलं कुठलंही बदललं तरी चालेल, पहिलंच समोर उघडलंय, ते बदलतो," म्हणून सरांनी बोट उचललं आणि मी अशी काही "थांबा" म्हणाले की त्यांच्या कपातला चहा हिंदकळला. म्हटलं, हे राहू दे. नक्कल मी केलीय, तिचं बदलू या. त्यांनी दुसरं उघडलं आणि विचारलं, काय घालू? मी त्यांना उठवलं, खुर्चीवर बसले आणि एकेक अक्षर शोधून माझं नाव घातलं. सरांनी मशीन बंद करून चालू केलं.

दोन्ही जोडली गेली. दोन्ही राहिली. तास संपेपर्यंत आम्ही समोर बसून होतो आणि एकदाही कोणी बाहेर पडलं नाही. मग सरांनी धडा करून पाहिला. पहिलं मधलं मुद्दाम बंद केलं, आणि त्याच्या पोटातली धाकटी अंमळ थबकली आणि माझ्या मशिनावर चालू लागली. सर म्हणाले, "काकू, सोमवारपासून कामाला लागा."

तेव्हा असं सगळं आहे. तुमच्या गुडघ्याला आराम पडो, घरातल्या सगळ्यांना आठवण.

तुमची
वहिनी

ता. क. मी महिनाअखेरीला येत नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. रागावा, पण पडदे काढू नका. सुट्टीला येऊन राहीन. मशिनं नेणाऱ्या माणसाला नाही म्हणून कळवा, आणि त्याच्याकडे एखादा चांगला जुना स्विच निघतो का तेवढं विचारा.

ता. क. दुसरा. हे लिहीत असताना दोन्ही जोडण्या एकदम गेल्या. इस्त्री लावायला मीच कोठीचा प्लग काढला होता. परत लावला, आल्या. सरांना सांगितलेलं नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर यासाठी. आईंना हे तुम्हीच सांगा, माझा धीर होत नाही. मशिनांचं काही सांगू नका, सून कामाला लागली एवढंच सांगा. त्या विचारतील, "कोणाच्या जागी?" तेव्हा कोणाच्याच नाही म्हणा. त्याची आहे तिथेच आहे, हिची नवी.