भिंतीअलीकडे आलेला दगड

अहो,

मला घरात शोधू नका. मी थोरल्या जाऊबाईंकडे आहे. हो, त्यांच्याचकडे.

बोअरची गाडी नुसता धुरळा ओकायला लागली, तसे तुम्ही गुलछडीचं निमित्त काढून मार्केटला पळालात. इकडे तो सगळा धुरळा जाऊबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर बसला. वाटण्या झाल्यापासून त्या पहिल्यांदाच आपल्या अंगणात आल्या, त्याही भांडायला.

तेवढ्यात देवराममामा आले. पायाळू माणूस, पाणी त्यांनीच बघून दिलेलं. ते बोअर बघून कपाळाला हात लावून म्हणाले, "माझ्या हातावरचा नारळ इथं उभा राहिलाच नव्हता! मी चुना फासलेला दगड भिंतीपलीकडं ठेवला होता. तो इकडं कुणी आणला?"

मी चहाच्या निमित्ताने आत वळले. पण सकाळी तुमच्या सदऱ्याला चुना कशाचा लागला होता, ते मला तेव्हा कळलं.

थोरले भाऊजी म्हणाले, गाडी आलीच आहे, तर मामांनी दाखवलेल्या जागेवर बघू. भाऊजींच्या बोळातून गाडी जाईना, म्हणून मधली भिंत पाडली. आणि पाणी लागलं हो! शेवग्याच्या शेंड्याएवढं उडालं. भांडायला आलेल्या जाऊबाई माझा हात धरून भिजल्या.

आता पाणी त्यांचं आणि मोटर आपली, तेव्हा बोलावं तर लागणारच. पलंगाखालची मोटर घेऊन या. भाऊजी तुमच्यासाठी जेवायचे थांबलेत. रस्त्याने वळसा घालू नका, सरळ या.

तेवढा सदरा मात्र बदलून या.

मीना