समुद्रातले शिंगाडे

सालेकसा, १९५५
पौष, मंगळवार

आज गोंदियाला छापखान्याच्या शेठजींनी माझं चित्र चार माणसांसमोर वर धरलं. "मास्टरजी, समुंदर में सिंघाड़ा!" सगळे हसले. मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी राक्षसाची समुद्रातली गुहा काढायची होती, आणि गुहेपुढच्या पाण्यावर मी शिंगाड्याचे वेल पसरले होते. मी समुद्र पाहिलाय कुठे? पाणी म्हटलं की हाताला तलावच येतो, आणि तलाव म्हटला की शिंगाडा. शेठजी स्वतः एकादशीला दुसरं काय खातात?

घरी बायकोला दाखवलं. "त्यात हासाले काय झालं? बेस त दिसून राहिलं." मलाही तसंच वाटतं. हाच तर त्रास आहे.

गुहा मात्र शेठजींना फार आवडली. "एकदम समुंदर की लगती है," म्हणाले. ती आमच्या कचारगडच्या डोंगरातली आहे, वटवाघळांसकट. मी बोललो नाही. बोललो असतो तर तिलाही हसले असते.

आत्ता रबर घेऊन बसलो आणि शिंगाडे पुसले. लाटा कशा काढतात, देव जाणे. पाणी कोरं पडलंय. आपलं म्हणून त्यांना ओळखू आलं, तेवढं सगळं मीच पुसलं.