रकाना दुसरा : जात

कोपरखैरणे,
९ एप्रिल १९९७

तीर्थस्वरूप पुतळाआक्का हिच्या चरणी धाकट्या मानसिंगाचा लांबूनच दंडवत. (जवळून घातला असता, पण पत्र वाचून झाल्यावर तूच म्हणशील, लांब आहे तेच बरं.)

तुझी नवी कवळी बसली का? पुढचे दोन दात ओठांबाहेर येतात आणि शेजारची पोरं बघून पळतात, असं लिहिलं होतंस. दातवाल्याकडून घासून घे, हयगय करू नकोस. शालनचा गुडघा आहे तसाच आहे. मार्केटात माझ्या शब्दावर बत्तीस माणसांची टोळी कांद्याच्या गोणी उचलते, घरात मात्र माझ्या शब्दावर उशीसुद्धा हलत नाही. अक्षयतृतीयेला तू कोरेगावची पाहुणेमंडळी घेऊन आमच्या ज्ञानेश्वरीला बघायला येणार असं कळवलंस. त्याचंच उत्तर लिहायला बसलोय. पण आधी रविवारी काय झालं ते सांगतो, नाहीतर माझ्या उत्तराला शेंडाबुडखा राहणार नाही.

ज्ञानेश्वरी कॉम्प्युटर क्लासला जाते हे तुला माहीत आहे. त्याच क्लासातला जयदेव म्हणून एक मुलगा आहे, करावे गावचा, कोळ्यांचा. आता बेलापूरला नोकरीला लागलाय. त्याच्याकडे ही दर रविवारी ‘प्रोजेक्ट’ करायला जायची. सहा महिने झाले तरी प्रोजेक्ट काही संपेना, तेव्हा शालनने मला बघून यायला पाठवलं. (स्वतः का गेली नाही? गुडघा. बाजारात जाताना तो दुखत नाही, हे वेगळं.) गेलो तर टेबलाभोवती चार डोकी आणि मधोमध फासे! आपल्या सोंगट्यांचे नव्हेत, एकेकाला आठ-आठ, बारा-बारा तोंडं, एकाला तर वीस. म्हटलं, पोरगी जुगाराला लागली. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात जयदेवने माझ्याखाली खुर्ची सरकवली आणि हातात एक छापील फॉर्म दिला.

फॉर्म दिसला की माझा राग जातो, तुला ठाऊकच आहे. टोळीतल्या सगळ्यांचे फॉर्म मीच भरतो. पहिला रकाना नावाचा, तो भरला. दुसऱ्यात इंग्रजीत ‘रेस’ लिहिलेलं. शर्यतीत काही मी धावणार नाही, म्हणजे जात विचारत असणार, म्हणून ‘हिंदू मराठा’ लिहिलं आणि कडेला ‘दाखला घरी आहे, सोमवारी झेरॉक्स देतो’ अशी टीप टाकली. तिसरा रकाना ‘क्लास’. तिथे ‘सातवी, फायनल पास’. ज्ञानेश्वरीने ओढणीत तोंड लपवलं. जयदेव मात्र हसला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने नोंदवतो. म्हणाला, “काका, ही जात आपली नाय. खेळातली. मानूस, बुटका, राक्षस, असं.”

तर आक्का, हा एक सोंगाचा खेळ आहे. त्याचा थोरला भाऊ बोटीवर असतो, त्याने परदेशातून हे वीतभर जाड पुस्तक आणलं. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, तोंडी गोष्ट रचत जायचं, आणि पुढे काय होणार ते फाशाने ठरवायचं. चांगली सोंगं आधीच वाटली गेली होती. मला आला ‘ऑर्क’. पुस्तकात त्याचं चित्र होतं: मान जाड, खांदे रुंद, खालून वर आलेले दोन सुळे. जयदेवने मजकूर वाचून अर्थ सांगितला. हे लोक डोंगरात राहतात, टोळीने खाली उतरतात, जड ओझी उचलतात, बोलतात ते ओरडल्यासारखं, आणि जन्मतःच दुष्ट असतात. मी म्हटलं, थांबा. जन्मतःच म्हणजे? बारशाच्या दिवशीच? त्यांना कुणी विचारायला गेलं होतं का? (मीटिंगमध्ये हरकत घ्यायची सवय आहे, ती काही सुटत नाही.) जयदेव म्हणाला, मलाही हेच खटकतं. लिहिणाऱ्यांच्या पलीकडच्या डोंगरात कुणीतरी राहत असेल, त्यांची भाषा कळत नसेल, मग दिले काढून सुळे.

इतक्यात त्याची आई, दमयंतीबाई, तळलेल्या बोंबलांची ताटली घेऊन आली. चित्राकडे वाकून बघितलं आणि म्हणाली, “अगो बाय, ह्यो तं घाटी हाय!”

मग तिची नजर माझ्या मानेवर गेली, तिथून खांद्यांवर. “तुमी नाय ओ दादा,” ती घाईने म्हणाली, “दुसरं.” आणि दोन बोंबील जास्त वाढले.

खरं सांगतो, मला राग आला होता. पण बोंबील तोंडात होता आणि त्याच वेळी मला तू आठवलीस. आई गेल्यावर मला भरवायचीस तेव्हा काय सांगायचीस? घाटाखाली खवल्यांची माणसं राहतात, त्यांच्या अंगाला मासळीचा वास येतो, न जेवणाऱ्या पोरांना ती जाळ्यात घालून नेतात. आक्का, ते परदेशी पुस्तकवाले परवाचे. अख्खी एक राक्षसांची जात तू त्यांच्या आधी चुलीपुढे बसून काढली होतीस, तीही कागदाशिवाय! मी दमयंतीबाईंना ती गोष्ट सांगितली. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मी निघताना ‘खवले दिसतात का बघा’ म्हणून त्यांनी दंड पुढे केला. दिसले नाहीत. मी नीट बघितलं.

शालन नमस्कार सांगते. आता थांबतो, टोळीची वेळ झाली.

तुझा,
मानसिंग

ता.क. : पाहुण्यांचं राहिलंच. त्यांना आणू नकोस. ज्ञानेश्वरी आणि जयदेव यांनी एकमेकांशी लग्न करायचं ठरवलंय. मी हो म्हटलंय. शालननेही म्हटलंय (तिला सहा महिन्यांपासून माहीत होतं, गुडघा उगाच दुखत नव्हता). मुलगा मला मनापासून आवडला. पण तू मला आईच्या जागी आहेस. तू नाही म्हणालीस तर अक्षता टाकायला माझा हात उठणार नाही. म्हणून अक्षयतृतीयेला ठरल्याप्रमाणे ये, फक्त एकटी ये. त्या दिवशी करावेची माणसं बोलणी करायला येणार आहेत.

ता.क. दुसरा : दमयंतीबाईंना तुझी फार धास्ती वाटते. मी त्यांना शपथेवर सांगितलंय, की आमची आक्का डोंगरातली असली तरी तिला सुळे नाहीत. तेव्हा पाया पडतो, येण्याआधी ती कवळी घासून घे.